मुठेल मे महिन्यातही घट्ट का?

कोकमाच्या बिया वाळवायच्या, फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा. वर तवंग येतो तो काढून घ्यायचा आणि निवत आला की मुठीत वळायचा. हे आमचं सिंधुदुर्गातलं मुठेल. मे महिन्याच्या उकाड्यातही गोळा घट्टच, दिव्यावर धरला की मग पाघळतो आणि टाचांच्या भेगांत भरता येतो.

माझ्या भाच्याने लेहहून सीबकथॉर्नच्या, म्हणजे तिकडच्या एका काटेरी झुडपाच्या, बियांचं तेल आणलं. ते फ्रीजमध्येसुद्धा पातळ. "लेहच्या थंडीमुळे ना, मावशी?" असं त्याने विचारलं, आणि रसायनशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या बाईला एवढं निमित्त पुरतं.

तेल बनतं मेदाम्लांचं, आणि दोन्ही तेलांतली मुख्य मेदाम्लं 18 कार्बनांच्या साखळीचीच. साखळीत दुहेरी बंध जितके जास्त, तितकं आम्ल कमी तापमानाला वितळतं. एकही दुहेरी बंध नसला तर ते स्टिअरिक, साधारण 69 अंशांना वितळतं. एक बंध आला की ओलिइक, 13-14 अंश. दोन आले की लिनोलेइक, उणे 5. तीन आले की लिनोलेनिक, उणे 11! मुठेलात निम्म्याहून जास्त स्टिअरिक, उरलेलं बहुतेक ओलिइक. लेहच्या बियांत भर दोन आणि तीन बंधवाल्यांचा.

तरी भाच्याचं म्हणणं अर्धंच खरं. कोकम लेहला लावलं तर पातळ तेल देणार नाही, मरेल. आधी जात ठरवते, हवामान त्यात कमीजास्त करतं. ते बघायचं तर एकाच जातीत बघावं. जवसाचा दाणा भरताना हवा गार असली तर लिनोलेनिक वाढतं. सूर्यफुलाचा दाणा उष्ण रात्रींत भरला तर ओलिइक वाढून लिनोलेइक घटतं, कारण ओलिइकवर दुसरा बंध चढवणारं विकर (एन्झाइम) उष्णतेत ढेपाळतं. म्हणजे निर्णायक काळ दाणा भरण्याच्या काही आठवड्यांचा.

म्हणून बाटलीवर नुसतं 'हिमालयीन' छापलेलं वाचलं की मला चीड येते. तेल बियांचं की फळाच्या गराचं, एवढं तरी लिहा. सीबकथॉर्नच्या फळाच्या गरात पामिटोलेइक नावाचं वेगळंच मेदाम्ल भरपूर असतं, बियांत जेमतेम.

यंदा आंबोलीच्या आणि वेंगुर्ल्याच्या रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, बिया वेगवेगळ्या वाळवणार आहे. आंबोली जवळपास 700 मीटरवर, वेंगुर्ला समुद्रकाठी. दोन्हींचं मुठेल गॅस क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे कुठलं मेदाम्ल किती ते मोजणाऱ्या चाचणीला, देईन. फार फरक निघेल असं मला वाटत नाही, पण भाच्याने पैज लावली आहे.