ई ४ वरचं प्यादं

बुद्धिबळाच्या स्पर्धेत पंचाला हाक येते ती बहुतेक वेळा साध्या कारणासाठी. कुणी सोंगटीला हात लावून दुसरीच हलवलेली असते, कुणाच्या बॅगेत फोन वाजलेला असतो, कुणी नियमबाह्य चाल केलेली असते. अशा तक्रारी दोन-तीन मिनिटांत मिटतात. बडोद्याला, अकोट्याच्या बाजूला एका सभागृहात भरलेल्या फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, मानांकन स्पर्धेत आठव्या फेरीला जे झालं ते या जातीचं नव्हतं. डावाचा निकालच माझ्या निर्णयावर येऊन ठेपला होता. पांढऱ्या सोंगट्यांमागे युरोपातला एक ग्रँडमास्टर होता आणि काळ्यांमागे आमच्या दांडिया बाजारातला तेरा वर्षांचा मराठी मुलगा.

मी त्या स्पर्धेची मुख्य पंच होते. मे महिना, बाहेर रस्ता तापलेला, आत पंख्यांची घरघर. चौथ्या पटाकडचा तरुण पंच माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बेन, चोथा बोर्ड पर आवो ने." मी पोचले तेव्हा घड्याळ थांबलेलं होतं. मुलाने दोन्ही हात मांडीखाली घेतले होते, चुकून सोंगटीला हात लागू नये म्हणून. हे त्याला कुणीतरी नीट शिकवलं होतं. सोंगटीला हात लावला की त्या चालीपुरता बरोबरीचा दावा करण्याचा हक्क जातो.

"मॅडम, तीनदा झालं," तो मराठीत म्हणाला. म्हणजे पटावर तीच स्थिती तीनदा आली, म्हणून डाव बरोबरीत सोडवा.

समोरच्या ग्रँडमास्टरने मान वर केली. त्याला शब्द कळले नव्हते, पण पंच आणि मुलगा एकाच भाषेचे आहेत हे कळलं होतं. मी मुलाला इंग्रजीत सांगितलं की आता जे बोलायचं ते दोघांना कळेल असं बोलायचं. त्याचं इंग्रजी अडखळत होतं. म्हणून मी म्हटलं, तुझ्या स्कोअरशीटवर, चाली लिहिलेल्या कागदावर, बोट ठेवून दाखव. त्याने अडतीस, चाळीस आणि बेचाळीस या आकड्यांवर बोट ठेवलं.

सगळ्यात आधी मी दोन्ही घड्याळांच्या वेळा लिहून घेतल्या. ग्रँडमास्टरकडे दीड मिनिटाहून कमी वेळ होता, मुलाकडे चारेक मिनिटं. मग दोघांना, दोन्ही स्कोअरशीट घेऊन, शेजारच्या खोलीत रिकाम्या पटावर नेलं. चालू डावाच्या पटावर आम्ही चाली मागे-पुढे करत नाही. दर चालीला तीस सेकंद मिळणारी स्पर्धा होती. अशा स्पर्धेत वेळ कितीही कमी उरला तरी प्रत्येक चाल लिहावीच लागते, त्यामुळे दोन्ही नोंदी शेवटपर्यंत पूर्ण होत्या. ग्रँडमास्टरने हत्तीसाठी त्याच्या भाषेतलं अक्षर वापरलं होतं. त्याला नियमाची आडकाठी नाही, एकदा समजून घेतलं की झालं.

"शेवटच्या पाच चाली बघा ना, पहिल्यापासून कशाला?" तो म्हणाला. वेळ थांबलेला असला तरी लय मोडत होती, त्याची चिडचिड मला समजत होती. तरी मी पहिल्या चालीपासून डाव मांडायला घेतला. याला कारण आहे. १९८६ साली टिलबर्गला अनातोली कार्पोव्हने टोनी माइल्सविरुद्ध हाच दावा केला आणि तो मान्यही झाला. नंतर उघड झालं की स्थिती पहिल्यांदा आली तेव्हा कॅसलिंगच्या, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याच्या, शक्यता वेगळ्या होत्या, म्हणजे दावा मुळात चुकीचा होता. सोंगट्या त्याच घरांवर दिसतात आणि तरी स्थिती वेगळी असू शकते. पंच नुसता पट पाहून हे सांगू शकत नाही. राजा किंवा हत्ती आधी हललाय का, प्यादं आत्ताच दोन घरं आलंय का, हे मागच्या चालींतच सापडतं.

फिडेच्या नियमांतलं कलम ९.२ थोडक्यात असं: तीच स्थिती तीनदा आली, चाल त्याच खेळाडूची असली, सोंगट्या त्याच घरांवर असल्या आणि दोन्ही बाजूंना शक्य असलेल्या चाली त्याच असल्या, तर ज्याची चाल आहे तो बरोबरी मागू शकतो. दावा खरा ठरला तर डाव तिथेच संपतो. खोटा ठरला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात आणि खेळ पुढे चालू.

अडतिसाव्या चालीला पांढऱ्याने एफ २ वरचं प्यादं दोन घरं ढकलून एफ ४ वर आणलं होतं. मग काळ्याचा हत्ती ए ८ वरून ए ७ वर, पांढऱ्याचा राजा जी १ वरून जी २ वर, दोघे परत आपापल्या घरी. पुन्हा तेच, पुन्हा परत. पांढऱ्याची बाजू वरचढ होती, जिंकला असता तर तो एकटा आघाडीवर गेला असता. मग तो घुटमळत का होता? तीस-तीस सेकंद गोळा करायला. कसलेले खेळाडू हे नेहमी करतात, त्यात गैर काही नाही. फक्त किती वेळा घुटमळायचं याचा हिशेब पक्का हवा.

त्याचा हिशेब त्याने लगेच सांगितला. "पहिली वेळ धरता येत नाही. मी एफ ४ केलं तेव्हा त्याचं प्यादं ई ४ वर होतं. तो एन पासां घेऊ शकत होता. पुढच्या दोन वेळा घेऊ शकत नव्हता. म्हणून झाल्या दोनच."

बुद्धिबळ न खेळणाऱ्यांसाठी: प्यादं आपल्या पहिल्या चालीत दोन घरं पुढे जाऊन शत्रूच्या प्याद्याच्या शेजारी उभं राहिलं, तर त्या प्याद्याला ते वाटेतच पकडता येतं, एकच घर सरकलं असं धरून. हा हक्क फक्त लगेचच्या चालीपुरता. एक चाल गेली की हक्क गेला. त्यामुळे अशी संधी असलेली स्थिती आणि संधी गेल्यानंतरची तीच मांडणी, या नियमाने दोन वेगळ्या स्थिती होतात. ग्रँडमास्टरचं म्हणणं हवेतलं नव्हतं. नियमात ते स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि घाईतला पंच तिथेच मान डोलावून दोन मिनिटं देऊन मोकळा झाला असता.

मी पट अडतिसाव्या चालीवर आणून थांबवला. काळा राजा ई ६ वर. काळं प्यादं ई ४ वर, त्याला डी ५ वरच्या प्याद्याचा आधार. आणि पांढरा हत्ती ई १ वर. हत्ती आणि राजा यांच्यामध्ये त्या फाइलवर, म्हणजे उभ्या रांगेत, ते एकच प्यादं उभं होतं.

मी ग्रँडमास्टरला म्हटलं, "कृपया ही चाल पटावर करून दाखवा."

त्याने काळं प्यादं उचललं, एफ ३ वर ठेवलं, आपलं एफ ४ वरचं प्यादं बाजूला काढलं. आणि त्याचा हात तसाच राहिला. ई फाइल मोकळी झाली होती. काळा राजा सरळ हत्तीच्या माऱ्यात आला होता. स्वतःच्या राजाला शह बसेल अशी चाल करताच येत नाही. म्हणजे त्या क्षणी एन पासां शक्यच नव्हतं, आणि तिन्ही वेळा दोन्ही बाजूंच्या शक्य चाली अगदी त्याच होत्या.

मुलगा काहीच बोलला नाही. हे सगळं त्याने दावा करण्याआधीच पाहिलेलं होतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटलं.

मी दावा मान्य केला. अर्धा-अर्धा गुण. त्याच दमात ग्रँडमास्टरला अपील समितीकडे जाण्याचा त्याचा हक्क, अर्जाची मुदत आणि अनामतीची रक्कम सांगितली आणि घड्याळात किती वाजले आहेत ते त्याच्यासमोर कागदावर लिहिलं. काही पंचांना हे आवडत नाही. त्यांना वाटतं, आपणच खेळाडूला तक्रारीचा रस्ता दाखवतो आहोत. मला उलट वाटतं. ज्याच्या विरुद्ध निकाल गेला त्याला मुदत सांगणं हा निकालाचाच भाग आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सच्या पंचांनी कोरियाच्या यांग ते-यंगच्या कसरतीचं सुरुवातीचं मूल्य एक दशांशाने कमी धरलं. त्याला कांस्य मिळालं, सुवर्ण पॉल हॅमकडे गेलं. प्रकरण लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत पोचलं. चूक झाली होती हे कुणी नाकारत नव्हतं, पण तक्रार वेळेत झाली नाही आणि मैदानावरच्या पंचाच्या निर्णयात लवाद हात घालत नाही, म्हणून निकाल तसाच राहिला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट जॉर्डन चाइल्स हिच्या बाजूने केलेली गुणांच्या फेरतपासणीची मागणी एका मिनिटाच्या मुदतीपेक्षा चार सेकंद उशिरा झाली, असं लवादाने ठरवलं. खेळाडू वर्षानुवर्षं घाम गाळतात आणि चार सेकंदांवर अडतात. निदान माझ्या हॉलमध्ये तरी मुदत माहीत नव्हती असं कुणाला म्हणावं लागू नये.

ग्रँडमास्टरने अर्ज केला, आणि तो वाचून मला त्याच्याबद्दल आदर वाटला. पटावर गप्प झालेला माणूस दोन नवे मुद्दे घेऊन आला होता. पहिला असा: कॅसलिंगच्या बाबतीत नियम हक्क पाहतो. मधल्या घरावर मारा असल्यामुळे या चालीला कॅसलिंग करता येत नसलं, तरी राजा आणि हत्ती हलले नाहीत तोवर हक्क शाबूत धरतात. मग एन पासांला वेगळा न्याय का? प्यादं पिन झालेलं, म्हणजे हललं तर राजा माऱ्यात येईल असं अडकलेलं, असलं तरी हक्क निर्माण झालाच होता. दुसरा मुद्दा, संगणकावर स्थिती नोंदवण्याची जी फेन पद्धत आहे, तिच्या मूळ रीतीप्रमाणे प्यादं दोन घरं चाललं की एन पासांचं घर लिहिलं जातं. म्हणजे अडतिसाव्या चालीची नोंद आणि चाळिसाव्या चालीची नोंद वेगळ्या येतात.

समितीत दोन भारतीय आणि एक परदेशी प्रशिक्षक होते. मी माझं म्हणणं लेखी दिलं, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि खोलीबाहेर आले. मुख्य पंचाने तिथे रेंगाळू नये. २००६ मध्ये एलिस्ताला क्रामनिक आणि टोपालोव्ह यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत स्वच्छतागृहावरून वाद झाला, क्रामनिक पाचव्या डावाला बसलाच नाही, आणि शेवटी अपील समितीचे सदस्य बदलावे लागले. समितीच एका बाजूची वाटू लागली की मग निकाल बरोबर असून भागत नाही. माझ्या बाबतीत तर संशयाला जागा आयती होती. गाव माझं, भाषा माझी, मुलगा माझ्याच गल्लीच्या पलीकडचा.

तासाभराने लेखी निर्णय आला. कलमाचे शब्दच दोन्ही गोष्टींत फरक करतात, असं समितीने म्हटलं होतं. कॅसलिंगच्या वाक्यात हक्काचा उल्लेख आहे. एन पासांच्या वाक्यात प्यादं मारता येत होतं का, एवढंच विचारलं आहे. मारता येत नव्हतं. आणि फेन ही नोंदीची सोय आहे, खेळाचा नियम नाही. अपील फेटाळलं, निकाल कायम. मात्र अर्ज प्रामाणिक आणि विचारपूर्वक केलेला होता म्हणून अनामत परत द्यावी, असंही लिहिलं होतं. त्या शेवटच्या ओळीचा मला फार आनंद झाला. ग्रँडमास्टरने प्रत मागितली, दोनदा वाचली, सही केली. मग मला विचारलं, "त्या मुलाने किती वेळ आधी पाहिलं असेल?" मी म्हटलं, ते त्यालाच विचारा. नवव्या फेरीच्या जोड्या तोवर अडकून राहिल्या होत्या. त्या लावून होईपर्यंत रात्र झाली.

मुलगा आणि त्याचे वडील वाहनतळावर थांबले होते. वडिलांच्या हातात मिठाईचा खोका. "ताई, आज आपल्या माणसाने आपल्या पोराची लाज राखली," ते म्हणाले. "आमच्या पणजोबांनी जुम्मादादांच्या आखाड्यात घाम गाळलाय. खेळ आमच्या रक्तात आहे, पण परक्यांसमोर आपलं कोण बोलतं?"

मनाने भला माणूस. पण त्या वाक्याने मला दिवसभरात पहिल्यांदा वाईट वाटलं. खोका मी घेतला नाही, स्पर्धा संपेपर्यंत काहीच घेता येत नाही हे सांगितलं. आणि मग, थकले होते तरी, त्यांना नीट समजावत बसले. "दादा, मी कुणाच्या बाजूने बोललेच नाही. तो पांढरा हत्ती ई १ ऐवजी डी १ वर असता, तर तुमच्या मुलाचं प्यादं पिनमध्ये नसतं. एन पासां शक्य होतं, पहिली वेळ मोजता आली नसती. मी दावा फेटाळून त्या परदेशी खेळाडूला दोन मिनिटं वाढवून दिली असती, आणि तुमचा मुलगा बहुधा हरला असता."

वडील माझ्याकडे बघत राहिले. उत्तर मुलाने दिलं, स्कूटरवर बसता बसता.

"पण हत्ती डी १ वर असता, तर मी घड्याळ थांबवलंच नसतं, मॅडम."