तो ओंडका काचेला चिकटवला कशाने?

घरी येणारा प्रत्येक जण आधी काचेच्या टँकमधल्या बयोकडे बघतो, दोन पावलं मागे सरतो आणि जरा धीर आला की विचारतो, "ते लाकूड काचेला चिकटवलं कशाने?" बयो म्हणजे माझी टॅरांटुला, मोठ्या केसाळ कोळ्यांपैकी एक; जात मेक्सिकन रेड नी. सुरुवातीला मी "आमच्याकडे कोळीण आहे" असं सांगायचो, पण मुंबईत त्यावर पुढचा प्रश्न पापलेटच्या भावाचा येतो. ही जात साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे तिची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदही केलेली आहे.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पहिल्यांदा जे चिकटवलं, ते पडलं.

गणपतीच्या मखरासाठी घेतलेली ग्लू गन घरात होती. पुठ्ठा, कापड, लाकडी पट्ट्या, सगळं तिने नीट धरलं होतं, म्हणून वीतभर वाळकं खोडही मागच्या काचेला तिनेच लावलं. उन्हाळा निभावला. जुलैत, पापड डब्यातल्या डब्यात मऊ पडतात त्या दिवसांत, पहाटे धप्प आवाज आला. खोड पाण्याच्या वाटीवर आडवं. गोंद लाकडाला घट्ट, पण काचेवरून सालीसारखा अख्खा सुटलेला. बयो दुसऱ्या कोपऱ्यात मागचे पाय पोटावर खसाखसा घासत होती, म्हणजे पोटावरचे खाजरे केस उडवत होती. ते आवरताना मनगटाला जी खाज सुटली, ती दोन दिवस होती.

तेव्हापासून सिलिकॉन. हार्डवेअरवाला हमखास बाथरूमचं पुढे करतो, कारण या शहरात सगळ्यांना तेच हवं असतं. त्यात बुरशी मारायचं औषध असतं, ते नको. साधं, शंभर टक्के सिलिकॉन मागा. लावल्यावर व्हिनेगरचा उग्र वास येतो. तो पार जाईपर्यंत टँक रिकामा आणि उघडा. ट्यूबवर चोवीस तास लिहिलेलं असतं, मी आठवडा देतो. गंमत म्हणजे सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊनच घट्ट होतं, म्हणजे आपली दमट हवा इथे कामाला येते. लाकूड मात्र खडखडीत वाळलेलं हवं. टँक ॲक्रिलिकचा असेल तर सिलिकॉन नीट धरत नाही. तिथे चुंबकांची जोडी बरी, एक आत, एक बाहेर. आतलं चुंबक सिलिकॉनने पूर्ण लिंपा, नाहीतर गंजतं.

पण खरं सांगू? आता माझं खोड चिकटवलेलं कमी आणि टेकवलेलं जास्त आहे. बुंधा थेट तळाच्या काचेवर, माती त्यानंतर ओतलेली. सिलिकॉनचे दोन ठिपके फक्त ते कलू नये म्हणून. दगडांचंही तेच. बयो खणणारी आहे. नुसत्या मातीवर ठेवलेला दगड तिने खालून पोखरला, तर तो तिच्याच अंगावर बसायचा.

आणि उंची. जमिनीवर राहणारी असली तरी ती रात्री काचेवर चढतेच, आणि पडली तर पोट फुटून जीव जाऊ शकतो. तिच्या पायांचा पसारा १३ सेंटीमीटर, म्हणून मातीपासून झाकणापर्यंत मी २० च्या आतच जागा ठेवतो, साधारण दीडपट. टँक अर्धा मातीनेच भरलेला बघून लोक हिरमुसतात. एका मित्राने क्रॉफर्ड मार्केटमधून प्लास्टिकच्या वेली आणल्या, वर टांगायला. छान आहेत. मागच्या काचेला बाहेरून सेलोटेपने लावल्यात. आत टेप कधीच नाही, पाय चिकटतात. पाहुण्यांना वेली आतच वाटतात.

बयोला विचाराल तर तिला आवडलेली वस्तू एकच, रविवारच्या सोलकढीतून उरलेली अर्धी करवंटी. तीही तळाला टेकवून पुरलेली. सध्या तिने करवंटीचं तोंड मातीने बंद करून घेतलंय, कात टाकायची असावी. तेव्हा या आठवड्यात आलात तर फक्त ओंडका दिसेल.