सोनापूरहून परतताना

१८ जुलै, रात्री साडेदहा

सकाळी सव्वासहाला फोन वाजला. गिरगावातल्या चाळीतल्या शेजारच्या काकू गेल्या. वय नव्वदीच्या पुढचं, दोन महिने अंथरुणाला खिळलेल्या. तरी फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ काही सुचेना. आईची नोकरी सकाळची, त्यामुळे चौथीपर्यंत माझ्या वेण्या रोज काकूंनीच घातल्या. तेलाचं बोट भांगात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "मान सरळ."

डोंबिवलीहून जलद गाडी, दादरला बदलून मरीन लाइन्स. पाऊस नुसता कोसळत होता. मी पोचले तेव्हा मंडळी नुकतीच चंदनवाडीच्या स्मशानात शिरत होती. काकूंना खांद्यावरून आणलं होतं, चाळीच्या दारापासून इथपर्यंत वीसेक मिनिटं. पोरं आळीपाळीनं खांदा देत होती. तिरडीवर प्लॅस्टिक अंथरलेलं, एका कोपऱ्यातून पाण्याची धार काकूंच्या थोरल्या मुलाच्या मानेवर पडत होती. त्याला त्याचं भानच नव्हतं.

आमची आजी चंदनवाडी कधी म्हणायची नाही. तिचं सोनापूर. वैतागली की म्हणायची, "एकदाचं सोनापूरला पोचवा मला." तिलाही इथंच पोचवलं, बाबांनाही. बाबांच्या वेळी मी घरीच थांबले होते, बायका स्मशानात जात नाहीत म्हणून. आज आम्ही पाचजणी होतो, कोणी काही बोललं नाही.

बाकावर बसले होते तेव्हा बाबांनी सांगितलेली गोष्ट आठवली. इंग्रज सरकारला हे स्मशान इथून हलवून शिवडीला न्यायचं होतं. तेव्हाचे मुंबईतले बडे व्यापारी नाना शंकरशेट आडवे आले, आणि सोनापूर जागेवर राहिलं. लहानपणी ऐकलं तेव्हा त्यात काय एवढं, असं वाटलं होतं. आज त्या मुलाची भिजलेली मान बघितली आणि कळलं. भर पावसात, खांद्यावर तिरडी घेऊन, गिरगावातून शिवडी! नानांच्या स्वतःच्या घराला त्याची झळ बसली नसती, गडगंज श्रीमंत माणूस. झळ बसली असती ती चाळीतल्या माणसांना. नानांना 'मुंबईचे शिल्पकार' म्हणतात, त्यांच्या कामांच्या याद्या छापतात. मला या सगळ्यांत सोनापूर सगळ्यात मोठं वाटतं.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. ही वाटसुद्धा नानांचीच. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या संचालकांत ते होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, चारशे पाहुणे, आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. कल्याणच्या पुढं मुरबाड, तिथला त्यांचा जन्म, १८०३ सालचा. मुंबईबाहेर राहून रोज मुंबई गाठणाऱ्या आमच्यासारख्यांचा संसार या रुळांवर उभा आहे. मुलुंड गेलं, ठाणं आलं, आणि ठाण्याच्या फलाटावरची गर्दी बघताना एकदम रडू आलं. काकूंसाठीच. सकाळपासून आलं नव्हतं.

शेजारच्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

शाळेची गोष्ट लिहायची राहिली. एज्युकेशन बोर्डावर असताना नानांनी शिक्षण लोकांच्या भाषेतून द्यावं म्हणून इंग्रजीच्या कैवाऱ्यांशी वाद घातला, आणि मुलींची शाळा भरवायला स्वतःच्या वाड्यात जागा दिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, गिरगावात. तेव्हाच्या लोकांच्या भुवया काय उंचावल्या असतील! माझी मराठी शाळा पटसंख्या नाही म्हणून बंद झाली. आज त्या गल्लीच्या तोंडावरून मंडळी आली असणार. मी त्या बाजूला गेले नाही, बघवत नाही. त्याच शाळेत जायला काकू मला तयार करायच्या. त्यांची स्वतःची शाळा तिसरीत सुटली होती, तरी माझं पुस्तक उघडून धडा वाचायच्या, बोट ठेवून, एकेक अक्षर. 'जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती', म्हणजे नानांच्याच नावाची, हे नाव मी पहिल्यांदा काकूंच्याच तोंडून ऐकलं. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळायची. चिंतामणराव देशमुखांना १९१२ साली मिळाली होती, ते पुढं देशाचे अर्थमंत्री झाले. काकूंना हे कुठून माहीत, देव जाणे. पण मला संस्कृत घ्यायला लावलं त्यांनीच.

घरी आल्यावर आधी आंघोळ केली. केस टॉवेलात गुंडाळून स्वयंपाकघरात बसले. लेकीनं चहा ठेवला, मग मागं येऊन उभी राहिली आणि केस पुसायला लागली. मी मान सरळ केली.