चोर्ल्याच्या चढावर गाडीचा दम का सुटत होता

माझी गाडी २०११ ची. चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), १,६८,००० किलोमीटर झालेले. गोव्यातल्या साखळीहून बेळगावला बहिणीकडे जायचं म्हणजे चोर्ला घाट आलाच, आणि तो घाट ही गाडी वर्षानुवर्षं तिसऱ्या गिअरवर आरामात चढत आली होती. गेल्या पावसाळ्यात, चवथीला आठ दिवस असताना, केरी सोडून अंजुण्याच्या धरणाकडे चढ सुरू झाला आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवूनही गाडी उचलेना. दुसरा गिअर टाकला. मागे ट्रकांची रांग, शेजारी आई, समोर इंजिनाचा पिवळा दिवा. वळणावर जागा बघून थांबलो, इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं आणि गाडी बऱ्यापैकी चढली. दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

बंद करून चालू केल्यावर ताकद परत येते, याचा अर्थ इंजिन थकलेलं नाही. गाडीच्या कम्प्युटरला कुठलातरी आकडा पटत नाही, म्हणून तो इंजिन जपण्यासाठी ताकद कापतो. याला लिंप मोड म्हणतात. हे मला माहीत होतं, तरी घरी परतल्यावर पहिलं काम केलं ते गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेण्याचं. तिथे अर्ध्या तासात निकाल मिळाला: टर्बो गेला, नवा बसवा, ५८,००० रुपये. टर्बो हाताने हलवून पाहिला का, नळ्या तपासल्या का, असं विचारलं तर उत्तर नाही. फक्त गाडीच्या कम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचला होता. मी गाडी परत आणली.

तो कोड होता पी ०२९९. टर्बोचा दाब हवा त्यापेक्षा कमी, एवढंच तो सांगतो. दाब का कमी, हे सांगत नाही. फुटलेली नळी, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), तुंबलेला एअर फिल्टर, चुकीचं मोजणारा सेन्सर, खरोखर मेलेला टर्बो, या सगळ्यांचा कोड हाच येऊ शकतो.

ब्लूटूथवर चालणारा एक ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या कम्प्युटरचे आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र, घेतला आणि आकडे बघायला लागलो. इंजिन बंद, इग्निशन चालू, तेव्हा मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेच्या, दाबाचा सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. आमच्याकडे तो १०० किलोपास्कलच्या आसपास यायला हवा, तसा आला. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. मग डिचोलीच्या मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर दिला. कम्प्युटर मागत होता २१० किलोपास्कल, मिळत होते १४०. त्याच वेळी रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, मात्र मागणीच्या बरोबरीने १४०० बारच्या वर जात होतं. डिझेलची बाजू तिथेच सुटली. तोवर मी डिझेल फिल्टर बदलून त्याच्या तळाचं पाणीही काढलं होतं. पावसाळ्यात ते काढायलाच हवं, पण रोग तो नव्हता. एअर फिल्टरही नवा घातला, फरक शून्य.

इथे एक गोष्ट माझ्या मनात अडकली होती: गाडी काळा धूर सोडत नव्हती. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची नळी फुटली असती तर हवा आधी, टर्बोच्याही अलीकडे, दुसऱ्या एका सेन्सरवरून मोजली जाते आणि मग वाटेत गळते. कम्प्युटर मोजलेल्या हवेच्या हिशोबाने डिझेल टाकतो आणि मागे काळा धूर निघतो. इथे धूर नाही, फुसफुस आवाज नाही, क्लॅम्पपाशी ताजं तेल नाही. म्हणजे हवा गळत नव्हती, मुळात कमी ओढली जात होती.

हे सगळं घेऊन डिचोलीतल्या एका जुन्या मेस्तांकडे (आमच्याकडे मेकॅनिकला मेस्त म्हणतात) गेलो. खाणी जोरात चालत होत्या त्या काळात त्यांनी खनिजवाहू टिपरांवर डिझेलचं काम शिकलं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, टिपर शेडमध्ये उभे राहिले आणि मेस्त गाड्यांकडे वळले. त्यांच्याकडे कम्प्युटर नाही, पण ऐकण्याची सवय आहे. मी आकडे सांगितले ते त्यांनी शांतपणे ऐकले. मग बोनेट उघडून मला म्हणाले, "तू चालू कर, हांव पळयतां (मी बघतो)."

माझ्या गाडीचा टर्बो व्हेरिएबल प्रकारचा. टर्बाइनभोवती छोट्या पात्यांचं कडं असतं. ती पाती मिटली की धुराची वाट अरुंद होते, धूर वेगाने टर्बाइनवर आदळतो आणि कमी आरपीएमलाही दाब तयार होतो. पाती हलवतो एक ॲक्च्युएटर, आणि त्याला ओढतो व्हॅक्यूम, म्हणजे इंजिनावरच्या एका पंपाने तयार केलेली निर्वात ओढ. इंजिन चालू होताच त्याची दांडी पूर्ण आत ओढली जायला हवी, बंद केलं की सुटायला हवी. आमची दांडी चालू करताना जेमतेम अर्धी हलली.

मेस्तांनी व्हॅक्यूमचं घड्याळ लावलं. पंपाच्या तोंडाशी ०.९ बार, म्हणजे पंप ठणठणीत. ब्रेकचा पेडलही नेहमीसारखा हलकाच दाबला जात होता, आणि तो त्याच पंपावर चालतो. ॲक्च्युएटरच्या टोकाशी मात्र ०.४. मधल्या नळीवर ते बोट फिरवत गेले आणि टर्बोजवळच्या रबरी कोपऱ्यापाशी थांबले. वरून कोपरा धडधाकट दिसत होता. खालच्या बाजूने, जिथे टर्बोची उष्णता लागते, तिथे रबर कडक होऊन उभी चीर गेली होती. "टर्बो मरूंक ना," टर्बो मेलेला नाही, मेस्त म्हणाले. मीटरभर नवी व्हॅक्यूम नळी दोनशे रुपयांच्या आत मिळाली. नळी साधी रबरी घेऊ नका, उष्णता आणि तेल सहन करणारी घ्या, हे त्यांनी दोनदा बजावलं.

संध्याकाळी गाडी अशी पळाली की मी आईला फोन करून सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी होंडा गावाच्या पुढे लांब चढावर पुन्हा पिवळा दिवा लागला, पुन्हा ताकद गेली.

त्या क्षणी ५८,००० रुपयांचा तो कागद आठवून पोटात गोळा आला, हे कबूल करतो. पण कोड वाचला तर तो वेगळा होता: पी ०२३४. आधी दाब कमी होता, आता जास्त. मागणी २१०, मिळाले २४५. याचा अर्थ टर्बो जिवंत आहे, फक्त पाती मिटल्यावर वेळेत उघडत नाहीत.

मेस्तांनी हातपंपाने थेट ॲक्च्युएटरवर व्हॅक्यूम दिला. थंड इंजिनावर दांडी सुरळीत सरकली. मग गाडी अर्धा तास फिरवून आणली आणि गरम असताना तीच तपासणी केली. आता दांडी आत जाऊन अडकली, व्हॅक्यूम सोडल्यावर क्षणभर तशीच राहिली आणि झटक्याने सुटली. कारण त्यांनी सांगितलं ते मला लगेच पटलं. चिरलेल्या नळीमुळे कित्येक महिने पाती त्या टोकापर्यंत गेलीच नव्हती, आणि जिथे पाती फिरत नाहीत तिथे काजळी साचून घट्ट होते. त्यात माझं रोजचं जाणं साखळी ते डिचोली, इंजिन नीट तापायच्या आत मुक्काम. ही पाती साफ राहायला मधूनमधून लांब, जोरदार पळवणं लागतं. खरं तर गाडी २००० आरपीएमच्या खाली जड वाटायला लागून तीन महिने झाले होते. तेव्हाच बघायला हवं होतं.

टर्बो उतरवला. आधी दोन्ही भागांवर खुणा केल्या, म्हणजे जोडताना कोन बदलणार नाही. पात्यांच्या मर्यादेचा छोटा स्क्रू असतो, त्याला मेस्तांनी मला हातही लावू दिला नाही. तो हलला तर सगळा हिशोब बिघडतो. शाफ्ट बोटांनी हलवून पाहिला: बाजूला किंचित ढिला, तो असतोच. मागेपुढे अजिबात नाही, आणि पंखा कुठेही घासलेला नाही. मग काजळी काढायचं काम, तासन्‌तास भिजवून, मऊ ब्रशने, खरवडण्याची घाई न करता. नवे गॅस्केट, नवे तांब्याचे वॉशर, इंजिन ऑईल आणि फिल्टरही नवा. चालू करण्याआधी टर्बोच्या तेलाच्या वाटेत मेस्तांनी थोडं ताजं तेल ओतलं, कारण पहिले काही सेकंद तो कोरडा फिरला तर बेअरिंग जायला तेवढं पुरतं. सगळं मिळून ७,४०० रुपये.

ईजीआर बंद करून टाकायचा सल्लाही मधे दोघा-तिघांनी दिला होता. मी तो ऐकला नाही. चांगल्या व्हॉल्व्हला पत्रा मारून दुसऱ्या ठिकाणचा रोग झाकायचा, आणि वर हवाही घाण करायची, हे मला मान्य नाही. व्हॉल्व्ह काढला, साफ केला, परत बसवला.

चवथीचा दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. मेस्त शेजारी बसले होते, मांडीवर माझा फोन. बेळगावात त्यांचंही काम होतं, पण ते खरे आले होते आकडे बघायला. धरण मागे पडलं, पाऊस रिपरिप होता, समोर भरलेला ट्रक. मोकळा टप्पा आला तसा तिसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटर दाबला. मेस्त मोठ्याने वाचत होते: "दोनशें पांच… दोनशें आठ… धा." ट्रक मागे गेला. मागणी २१०, मिळाले २१०, आणि पाय काढताच आकडा सरळ खाली आला.

चोर्ल्याला चहासाठी थांबलो. किल्ली काढायला हात नेला तर मेस्तांनी तो धरला. घाट चढून आलेला टर्बो लालबुंद असतो, त्याला तेल फिरवून थंड व्हायला दोन मिनिटं द्यायची. आम्ही दोघे इंजिनाचा संथ आवाज ऐकत गाडीतच बसून राहिलो.