येरेवान ते लिसाकेर: आर्मेनियन आणि नॉर्डिक नात्याच्या मागावर

आर्मेनियाची राजधानी येरेवानला त्सित्सेरनाकाबेर्दच्या टेकडीवरच्या नरसंहार स्मारकाला येणारे बहुतेक जण ज्योतीपाशी फुलं ठेवतात, 44 मीटर उंच स्तंभाचा फोटो काढतात आणि परत फिरतात. शंभर मीटर लांबीची भिंत बघायची राहूनच जाते. तिच्या शेवटच्या भागात काचेआड थोडी थोडी माती ठेवली आहे. 1915 मध्ये ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियनांच्या नरसंहाराविरुद्ध आवाज उठवणाऱ्या परदेशी माणसांच्या कबरींवरून 1996 पासून ती आणली गेली. त्यातली एक माती नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या कबरीची. या सहलीची सुरुवात इथूनच करा.

इथलं संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि दुपारी लवकर आवरतं, म्हणून सकाळीच पोहोचा आणि किमान दोन तास हाताशी ठेवा. टॅक्सी ॲपवरून बोलावली की थेट वरपर्यंत जाते. ह्राझदान स्टेडियमच्या बाजूनं चढायचं तर पायऱ्या खूप आहेत आणि जुलैच्या उन्हात दम काढतात. फुलं शहरातूनच घ्या. 24 एप्रिलला, म्हणजे नरसंहाराच्या स्मृतिदिनी, लाखोंची रांग लागते. त्या दिवशी श्रद्धांजलीसाठी जरूर जा, पण मजकूर वाचत शांतपणे बघायचं असेल तर दुसरा दिवस निवडा. लहान मुलांना आत नेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

नान्सेन यांचं इथं इतकं मोल का, हे आधी वाचून गेलात तर भिंतीपुढे उभं राहण्याला अर्थ येतो. ध्रुवप्रदेशाचे संशोधक म्हणून गाजलेल्या या माणसाला राष्ट्रसंघानं 1921 मध्ये निर्वासितांचा उच्चायुक्त नेमलं. 1922 मध्ये ‘नान्सेन पासपोर्ट’ आला, तो आधी रशियन निर्वासितांसाठी होता. 1924 मध्ये आर्मेनियनांनाही लागू झाला. देशच न उरलेल्या माणसाला सीमा ओलांडता येईल असा तो कागद. त्यावर नान्सेन यांच्या चेहऱ्याचं तिकीट चिकटवलेलं असे, किंमत पाच सुवर्ण फ्रँक. जून 1925 मध्ये ते स्वतः आर्मेनियात आले. सारदारापातच्या कोरड्या माळाला पाणी देऊन तिथं निर्वासित वसवायचे, अशी योजना होती. पाटबंधाऱ्यांचा हिशोब तयार होता, पण कर्ज द्यायला सरकारं पुढे आली नाहीत आणि योजना बारगळली. (या दौऱ्यात त्यांच्यासोबत विद्कुन क्विसलिंग होता, पुढे नाझींना सामील झालेला तोच.) तो माळ बघायचा असेल तर येरेवानहून आर्मावीरच्या दिशेनं अर्ध्या दिवसाची टॅक्सी ठरवा. परतीचे पैसे निघण्याआधीच बोलून घ्या, कारण तिथून परतीचं वाहन मिळणं अवघड.

दुसरा दिवस मातेनादारानसाठी. हे हस्तलिखितांचं भांडार रविवारी आणि सोमवारी बंद असतं. शनिवारी येऊन सोमवारी निघणाऱ्यांची चूक इथंच होते. जाण्याआधी स्तेपानोस असोगिक या आर्मेनियन इतिहासकाराचा एक प्रसंग माहीत असू द्या. सन 1000 मध्ये बायझंटाईन सम्राट दुसरा बासिल याच्या छावणीत ‘रूस’ पायदळाचा एक सैनिक घोड्यासाठी गवत घेऊन चालला होता, ते एका जॉर्जियनानं हिसकावलं. एवढ्यावरून भाला-ढालीनिशी सहा हजार रूस उठले आणि ताइक या जॉर्जियाला लागून असलेल्या भागाचे अनेक सरदार मारले गेले. सम्राटाच्या पदरी असलेल्या वारांगियन (उत्तरेकडून आलेल्या भाडोत्री) सैनिकांचं, ज्यांच्यात स्कँडिनेव्हियन मोठ्या संख्येनं होते, हे आर्मेनियन लेखणीतून उतरलेलं चित्र. दालनात मोजकीच हस्तलिखितं मांडलेली असतात. एखादी ठरावीक प्रत बघायची असेल तर आधी लेखी विचारा.

इथं एक सावधगिरी. नॉर्स देव ओडिन कॉकेशसमधून आला, दक्षिण आर्मेनियातल्या उघ्तासार डोंगरावरची शिलाचित्रं स्कँडिनेव्हियातल्या शिलाचित्रांसारखी दिसतात, म्हणून आर्मेनियन आणि स्कँडिनेव्हियन लोक एकच, असं सांगणारे गाईड भेटतील. कोरलेले बोकड जगभर एकमेकांसारखेच दिसतात, तेवढ्यावर नातं ठरत नाही. उघ्तासारला जायचं तर डोंगरासाठी जा: सिसियानहून जुनी जीप, तीही बर्फ वितळल्यावर, जुलै अखेर ते सप्टेंबर. जुना खरा धागा हवा असेल तर तो आइसलँडमध्ये आहे. तिथल्या मध्ययुगीन ‘ग्रागास’ कायद्यात लॅटिन न शिकलेल्या ‘एर्म्स्क’ बिशपांचा उल्लेख आहे. या शब्दाचा अर्थ आर्मेनियन असा लावतात, पण त्यावरही अभ्यासकांत वाद आहे.

तिसरा दिवस ग्युमरी या आर्मेनियातल्या दुसऱ्या मोठ्या शहरासाठी. येरेवानच्या सासुंत्सी दावित मेट्रो स्थानकाला लागूनच रेल्वे स्टेशन आहे. जलद गाडीला सुमारे दोन तास लागतात. शनिवार-रविवारची तिकिटं आधीच काढा. नॉर्वेच्या नर्स बोडिल ब्योर्न यांनी ऑटोमन साम्राज्यातल्या मूशमध्ये 1915 चा संहार डोळ्यांनी पाहिला आणि पुढे 1920 च्या दशकात इथं ग्युमरीत अनाथ मुलांचा सांभाळ केला. तेव्हा या गावात हजारो अनाथ मुलं जुन्या झारकालीन बराकींत राहत होती. गाव 1500 मीटर उंचीवर आहे, मे महिन्यातही संध्याकाळी स्वेटर लागतो. रशियन लष्करी तळाच्या आसपास कॅमेरा बाहेर काढू नका.

ब्योर्न यांनी काढलेले फोटो ऑस्लोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि ऑनलाइनही दिसतात. निघण्याआधी त्यांच्या मथळ्यांसकट ते नीट बघा. वर्गातली मुलं, शिक्षिका, आणि मग त्यातले बहुतेक मारले गेले ही नोंद. संग्रहालयातला कुठलाही फलक याची जागा घेऊ शकत नाही.

नॉर्वेचा भाग जोडायचा असेल तर शेंगेन व्हिसा वेगळा लागेल. आर्मेनियासाठी भारतीयांना 21 दिवसांचा ई-व्हिसा पुरतो. ऑस्लोहून लोकल गाडीनं लिसाकेरला उतरून नान्सेन यांच्या ‘पोलह्योग्दा’ घरापर्यंत चालत जाता येतं. आज तिथं संशोधन संस्था आहे, संग्रहालय नाही, त्यामुळे आत शिरण्याचा आग्रह धरू नका. बागेतली कबर साधी आहे. येरेवानच्या भिंतीतली माती तिथलीच. ब्योर्न यांचं जन्मगाव क्रागेरो ऑस्लोहून एका दिवसात जमतं: रेल्वेनं नेस्लांद्सवात्न, तिथून बस. बस गाडीच्या वेळेशी जोडलेली असते. परतीची शेवटची बस उतरतानाच बघून ठेवा, ती चुकली की रात्र तिथंच.

आर्मेनियन अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या डेन्मार्कच्या मारिया याकोबसेन यांची कबर लेबनॉनमधल्या जबेलच्या ‘बर्ड्स नेस्ट’ अनाथालयात आहे आणि त्याच आवारात अनाथ मुलांवरचं संग्रहालयही आहे. तिथली सुरक्षेची परिस्थिती तपासूनच विमानाचं तिकीट काढा.