घंटा वाजली, पण माझी नाही

भुवनेश्वरला जाऊन आलास तर लिही की काहीतरी, लिंगराज कसं, कोणार्क कसं, असं घरचे दारचे सगळे म्हणतायत. मी तिथे पाहिला कलिंगा स्टेडियमचा ट्रॅक, तोही पंचवीस वेळा, कायम डावीकडे वळत. मास्टर्सची, म्हणजे वयाचे गट पाडून होणारी मोठ्यांची, राष्ट्रीय स्पर्धा होती, माझा इव्हेंट १०,००० मीटर, वयोगट ४५ ते ४९. लिंगराजाला बाहेरून नमस्कार केला, कोणार्क राहिलंच.

जाताना कोणार्क एक्स्प्रेस. दोन रात्री गाडीत काढल्यावर पाय कोणाचे आहेत तेच कळत नाही, सोलापूर गेलं, सिकंदराबाद गेलं, विशाखापट्टणमला इंजिन दुसऱ्या टोकाला लागलं आणि गाडी उलटी निघाली, एवढंच आठवतंय. पहाटे उतरलो तर हवा ओली. फेब्रुवारीत पुण्यात सकाळी पळायला जाताना जॅकेट लागतं, इथे वॉर्मअपलाच बनियन पिळायची वेळ आली.

ट्रॅकवर पाऊल ठेवताना मात्र छाती भरून आली हे कबूल. २०१७ ची एशियन चॅम्पियनशिप इथेच झाली, आपला धावपटू जी. लक्ष्मणन, त्याने ५,००० आणि १०,००० दोन्ही गोल्ड इथेच घेतले, आपल्या नाशिकच्या संजीवनी जाधवचं ५,००० चं ब्राँझही इथलंच. आणि पुढच्याच वर्षी जकार्ताला एशियन गेम्समधे १०,००० मीटरला तोच लक्ष्मणन तिसरा आला, पण पाय ट्रॅकच्या आतल्या बाजूला पडला म्हणून डिसक्वालिफाय झाला, मेडल गेलं.

आता रेस. मला साडेअडतीस मिनिटं हवी होती, म्हणजे राउंड साधारण ९२ सेकंदांचा, प्रॅक्टिसला तो बसत होता. पहिले सात-आठ राउंड बसलाही. मग ९५, मग ९८, मग घड्याळाकडे बघणंच सोडलं. कुठे दुखलं नाही, क्रॅम्प नाही, बूट चावला नाही, नुसतं सुटत गेलं हातातून. रोडवर असं झालं की बरं असतं, वळण येतं, झाड येतं, कोणीतरी केळं देतं, टाळ्या वाजवणाऱ्याला कळतही नाही तू किती मागे आहेस. ट्रॅकवर दर दीड मिनिटाने तू त्याच लोकांसमोरून जातोस आणि त्यांना सगळं दिसतं. पुढचे लोक मागून येऊन परत गाठतात तेव्हा मी आपला बाहेर सरकून वाट द्यायचो (नियमाने सरकायलाच हवं असं नाही, पण लाज वाटते), आणि दुसऱ्या लेनमधे पूर्ण राउंड काढला तर सात मीटर जास्त पळावं लागतं, म्हणजे हरणाऱ्यालाच वर दंड.

आणि मग घंटा वाजली.

शेवटच्या राउंडची घंटा पहिल्या माणसासाठी असते हे मला माहीत आहे, इतकी वर्षं पळतोय. तो मला तीनदा मागे टाकून गेला होता. मी तेव्हा पलीकडच्या सरळ पट्ट्यात होतो, माझे अजून साडेचार राउंड बाकी. पण घंटा ऐकली आणि पायांनी आपोआप वेग घेतला, डोक्याला न विचारता, चांगले चाळीस-पन्नास मीटर मी फिनिशला निघाल्यासारखा पळालो. मग लक्षात आलं. मी रेषेवर पोचलो तर फेऱ्या मोजणारी व्हॉलंटिअर पोरगी कागदावर खूण करत ओरडली, "अंकल, चार राउंड और!" तिचं काही चुकलं नाही, कामच होतं तिचं. पण त्या 'और'ने जो काय जीव गेला ना.

ते चार राउंड म्हणजे, पाहुणे गेल्यावर मांडववाला खुर्च्या उचलतोय आणि एकटा मी जेवतोय. खरंच बाहेरच्या लेनमधे हर्डल्स मांडायला सुरुवात झाली होती, माइकवर पुढच्या इव्हेंटवाल्यांना कॉल रूममधे बोलावत होते, एक जण ट्रॅक ओलांडताना मला बघून थबकला आणि हाताने 'या या, जा' केलं. ४१:१२. नववा. माझ्या मागे दोघं होते, त्यांच्याबद्दल तर मी विचारच करू शकत नाही.

संध्याकाळी ग्रुपबरोबर दहीबरा आलूदम खाल्लं, झकास होतं, पण मला एकट्याने खायचं होतं. कारण तिथून जे सांत्वन सुरू झालं ते गाडी पुण्याला लागेपर्यंत थांबलं नाही. परतीची गाडी दुपारची, बाहेर चिलिका, पाणीच पाणी, आणि समोरच्या बर्थवरचे काका सांगतायत, "अरे, साबळेचं बघ, २०२३ ला बुडापेस्टला वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे हीटमधेच सातवा आला, फायनल हुकली, आणि दीड महिन्यात हांगझोऊला एशियन गेम्समधे गोल्ड!" काका, तो देशासाठी पळणारा अविनाश साबळे आहे, मी बँकेत लोन सेक्शनला आहे. मग एक ताई, "पूर्ण केलीस हेच खूप रे." नाही हो ताई, खूप नाही. पूर्ण करायला मी रजा टाकून, पहाटे साडेचारला उठून, आठ महिने गुलाबजाम न खाता इथवर आलो नव्हतो. चांगलं पळायला आलो होतो, ते झालं नाही, दोन दिवस मला वाईट वाटू द्या ना. मेडल आलं तर सगळे म्हणतात भाव खाऊ नकोस, नाही आलं तर म्हणतात मनाला लावून घेऊ नकोस, मग घ्यायचं तरी काय?

एकच सांत्वन मनापासून पटलं. मे महिन्यात मला पन्नास पूर्ण होतात, म्हणजे पुढच्या वेळी ५० च्या गटात मी सगळ्यात तरुण. मास्टर्समधे लोक वाढदिवसाची अशी वाट बघतात, बाहेरच्यांना सांगून पटत नाही. विजयवाड्यापर्यंत मी याच खुशीत होतो. मग काकांनी मोबाईलवर रिझल्टची शीट उघडली. पहिला आलेला आर्मीतला रिटायर्ड हवालदार, त्याची जन्मतारीख मार्चची, साल माझंच.