वाक्य बरोबर, वेळ चुकली

रिटॉर्ट (चोख उलट उत्तर देणं) हे इंग्रजी क्रियापद मी कित्येक वर्षं चुकीचं वापरत होतो. ‘ही रिटॉर्टेड मी’ असं बिनधास्त लिहायचो, म्हणजे त्याने मला सुनावलं. परवा एका मैत्रिणीने ते वाचलं आणि म्हणाली, अरे माणसाला रिटॉर्ट करता येत नाही, नुसतं ‘ही रिटॉर्टेड’ लिही आणि पुढे तो काय बोलला ते दे. मी म्हटलं, तुला काय कळतंय. तर म्हणे हा पण रिटॉर्ट नाही, हा नुसता उर्मटपणा.

मग शोधत बसलो. मूळ लॅटिन, अर्थ मागे पिळणं किंवा वळवणं, टॉर्क (फिरवणारा जोर) आणि टॉर्चर याच घराण्यातले (टॉर्चर का ते कळलंच). शाळेच्या केमिस्ट्रीत नायट्रिक अॅसिड बनवायच्या आकृतीत ते लांब वाकड्या मानेचं काचेचं भांडं असायचं ना, त्याचं नावही रिटॉर्टच, मान वळलेली म्हणून. म्हणजे खरा रिटॉर्ट आपल्या खिशातला दगड नाही, समोरच्याने मारलेलाच उचलून परत मारायचा. ‘किती हळू चालतोयस रे!’ ‘तुझ्या मागून चालतोय ना.’ बास, एवढंच.

आपल्याकडे याला काय म्हणायचं? प्रत्युत्तर म्हटलं की सीमेवर गोळीबार सुरू झाल्यासारखं वाटतं, आणि टोमणा तर कोणी काही न बोलताही मारता येतो. उलट उत्तर हा शब्द अगदी जवळचा, त्यात ते वळणं पण आहे, पण गोची अशी की उलट उत्तर फक्त लहानांनी मोठ्यांना द्यायचं असतं, मोठे देतात ते आपोआप हजरजबाबी ठरतात. रिटॉर्टला वयाचं काही पडलेलं नाही, फक्त धार हवी आणि ती तिथल्या तिथे. तिथेच तर माझं अडतं, सुचतं ते वेळ निघून गेल्यावर. फ्रेंच लोक याला जिन्यावरची अक्कल म्हणतात, 18व्या शतकातला त्यांचा लेखक दिदरो जेवणाच्या बैठकीत गप्प झाला होता आणि त्याचं म्हणणं असं की डोकं पुन्हा चालायला लागतं ते जिना उतरून खाली आल्यावर.

माझं त्या रात्री दात घासताना चाललं. तसाच फेस तोंडात ठेवून तिला टाइप केलं, ‘माणसाला रिटॉर्ट करता येत नाही, मग तू मला इतकी वर्षं काय करतेयस?’

दोन मिनिटांनी आलं, ‘वाक्य बरोबर. वेळ चुकली.’